पॉवरची गोळी आणि जंतूची भिंत

पावसाला सुरुवात झाली की दवाखान्यात एक वाक्य रोज आठ-दहा वेळा तरी कानावर पडते. "डॉक्टरसाहेब, जरा पॉवरची गोळी द्या." ताप असो, सर्दी असो, पोराचा घसा धरलेला असो, मागणी तीच. कोणी तिला 'हेवी डोस' म्हणतो, तर कोणी 'मागच्या वेळची लाल-काळी कॅप्सूल' अशी खूण सांगतो. काही मंडळी आधी औषधाच्या दुकानातून दोन दिवसांचे अँटिबायोटिक घेतात, उतार पडला नाही की तिसऱ्या दिवशी माझ्याकडे येतात आणि त्याहून पॉवरचे मागतात.

या 'पॉवर' शब्दाशी माझे जुने भांडण आहे. अँटिबायोटिक म्हणजे काही विहिरीवरची मोटर नव्हे, की तीन हॉर्सपॉवरने पाणी चढले नाही तर पाचाची बसवावी. ते पान्यासारखे असते. बारा नंबरच्या नटाला बारा नंबरचाच पाना लागतो, आणि नटच नसेल तर पाना सोन्याचा असला तरी त्याचा उपयोग शून्य. पेनिसिलीन, अँपिसिलीन, अमॉक्सिसिलीन, सिफिक्झिम, सेफ्ट्रियाक्सोन अशी जी औषधे आपल्याकडे रोज खपतात, त्या सगळ्यांचा नट एकच आहे. तो म्हणजे जिवाणूच्या शरीराभोवतीची भिंत. ही भिंत कशी असते हे एकदा समजले, की ही औषधे कोठे चालतात आणि कोठे वाया जातात याचा पुष्कळसा उलगडा वाचकांना आपला आपणच होईल. म्हणून आज थोडे पुस्तकी वाटले तरी भिंतीविषयीच लिहितो.

आधी एक खुलासा. आपण सगळ्यांना सरसकट 'जंतू' म्हणतो, पण त्यांत दोन अगदी वेगळ्या जाती आहेत. सर्दी, फ्लू, डेंग्यू, चिकुनगुन्या, गोवर, कांजिण्या, करोना हे आजार विषाणूंचे. टायफॉइड, क्षय, पू धरलेले गळू, लघवीचा जंतुसंसर्ग हे जिवाणूंचे. जिवाणू हा आकाराने मिलिमीटरचा हजारावा भाग असला तरी स्वतंत्र प्रपंच चालवणारा जीव आहे. तो खातो, वाढतो, मधोमध दुभंगून एकाचे दोन होतो. विषाणूला असला प्रपंच नाही. तो आपल्या पेशीत शिरतो आणि तिच्याकडूनच स्वतःच्या प्रती काढून घेतो. त्यामुळे या लेखात जी भिंत आहे ती जिवाणूची. विषाणूला ती नाही.

आता ही भिंत लागते कशाला? बेदाणा पाण्यात भिजत घातला की तो फुगतो, हे घरोघरी माहीत आहे. आत साखर दाट, बाहेर साधे पाणी, म्हणून पाणी सालीतून आत शिरते. जिवाणूचेही तसेच आहे. त्याच्या पोटात क्षार, साखरा, प्रथिने यांचे दाट मिश्रण असते आणि बाहेर त्या मानाने पातळ द्रव. पाणी सतत आत घुसू पाहते आणि आत दाब तयार होतो. मोटारगाडीच्या टायरमध्ये आपण तीसएक पौंड हवा भरतो, म्हणजे साधारण वातावरणाच्या दाबाच्या दुप्पट. गळवात सापडणाऱ्या स्टॅफिलोकोकस नावाच्या जिवाणूच्या पोटातला दाब वातावरणाच्या वीसपटीच्या घरात जातो. एवढ्या दाबाने तो फुटत कसा नाही?

पंक्चरच्या दुकानात याचे उत्तर टांगलेले असते. नुसत्या ट्यूबमध्ये हवा भरत गेलात तर ती भोपळ्यासारखी फुगेल आणि फुटेल. तीच ट्यूब टायरच्या आत बसवली की दाब सहन करते. जिवाणूभोवती एक तलम पटल असते, ती त्याची ट्यूब. त्यावर जी भिंत असते ती टायर. जिवाणूला गोल किंवा काडीसारखा आकार येतो तोही या टायरमुळे. प्रयोगशाळेत सांभाळून, साखरेच्या दाट पाण्यात ठेवून भिंत काढून टाकली, तर काडीसारखा जिवाणूही फुग्यासारखा गोल होतो. त्याला साध्या पाण्यात सोडले की संपला.

टायरमध्ये जसे धागे असतात तसेच या भिंतीतही आहेत. दोन प्रकारच्या साखरा एकाआड एक ओवून लांबच लांब धागे बनलेले असतात. यांतली एक साखर म्युरॅमिक आम्लापासून झालेली. लॅटिन भाषेत 'म्युरस' म्हणजे भिंत, त्यावरून हे नाव पडले. ही साखर आपल्या शरीरात तयार होत नाही. या धाग्यांना ठिकठिकाणी अमिनो आम्लांच्या आखूड शेपट्या असतात आणि शेजारशेजारच्या धाग्यांच्या शेपट्या एकमेकींत गुंतवून गाठी मारलेल्या असतात. बाजेला जसे सुंभ आडवेउभे विणलेले असते तसे हे विणकाम. त्याला पेप्टिडोग्लायकन म्हणतात. नाव विसरलात तरी चालेल, गाठ मात्र लक्षात ठेवा. सगळी गंमत त्या गाठीत आहे.

कारण जिवाणूला वाढायचे असते. ई. कोलाय नावाचा आतड्यातला जिवाणू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. म्हणजे दर वीस मिनिटांनी त्याला टायर दुप्पट करायचा आहे, आणि तोही हवा भरलेला असताना, पंक्चर न होऊ देता. यासाठी तो जुने धागे जागोजागी कापतो, मध्ये नवे धागे सरकवतो आणि लगेच गाठी मारतो. कापणारे कामगार वेगळे, गाठ मारणारे वेगळे. दोघांची कामे हातात हात घालून चालली तरच घर उभे राहते.

अलेक्झांडर फ्लेमिंग हे नाव पेनिसिलीनमुळे सर्वांना ठाऊक आहे. पण या गृहस्थांचा भिंतीशी संबंध त्याआधीचा. १९२१ मध्ये त्यांना सर्दी झाली असताना त्यांनी आपल्याच नाकातला शेंबूड जिवाणूंच्या बशीत टाकून पाहिला, तर त्याभोवतीचे जिवाणू विरघळून गेले. त्यातल्या द्रव्याला त्यांनी लायसोझाइम नाव दिले. ते अश्रूंत असते, लाळेत असते, कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्या बलकात असते, आणि आईच्या दुधात तर गाईच्या दुधापेक्षा कितीतरी अधिक असते. ते जिवाणूच्या भिंतीतले साखरेचे धागे सरळ कापते. आपला डोळा दिवसभर धूळ खाऊनही रोज उठून येत नाही, याचे थोडे श्रेय त्याला आहे. त्यानंतर सात वर्षांनी, १९२८ मध्ये, फ्लेमिंग यांच्या बशीत बुरशी उगवली आणि पेनिसिलीन सापडले. फ्लोरी आणि चेन यांनी ते औषधाच्या रूपात आणले आणि तिघांना १९४५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला तो याच औषधासाठी.

पेनिसिलीन नेमके करते काय, हे मात्र १९६५ पर्यंत पुरते उमगले नव्हते. त्या वर्षी टिपर आणि स्ट्रॉमिंजर या दोन शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की पेनिसिलीनचा रेणू त्या आखूड शेपटीच्या टोकासारखा दिसतो. गाठ मारणारा कामगार शेपटी समजून त्याला पकडतो आणि त्याचा हात तेथेच चिकटून बसतो. गाठी थांबतात. कापणारे कामगार मात्र आपले काम चालूच ठेवतात. टायर विरत जातो, आतल्या दाबाने ट्यूब बाहेर येते आणि फुटते. पेनिसिलीन जिवाणूला विष देत नाही. तो स्वतःच्याच दाबाने फुटतो.

एवढे समजले की दवाखान्यातले पुष्कळ प्रश्न सुटतात. माणसाच्या पेशीला अशी भिंत नाही, म्हणून हा औषधांचा गट इतका निर्धोक आहे. अ‍ॅलर्जीचा धोका तेवढा खरा, आणि एकदा अ‍ॅलर्जी ठरली असेल तर ती प्रत्येक डॉक्टरला न विचारता सांगावी. सर्दी, फ्लू, डेंग्यूच्या विषाणूला भिंत नाही, म्हणून तेथे अमॉक्सिसिलीन हे पाण्यासारखे. पाण्याने निदान नुकसान तरी होत नाही. अमॉक्सिसिलीन तुमच्या आतड्यातले निरुपद्रवी, उपयोगी जिवाणू मारते, जुलाब लावते आणि जे तावडीतून सुटतात त्यांना चार गोष्टी शिकवून जाते. सर्दी पाच-सात दिवसांत आपोआप बरी व्हायची असते ती होते, आणि श्रेय कॅप्सूलला मिळते. पुढच्या पावसाळ्यात तीच कॅप्सूल पुन्हा मागितली जाते.

काही जिवाणूही बिनभिंतीचे आहेत. मायकोप्लाझ्मा नावाचा जिवाणू न्यूमोनिया करतो. रोगी हिंडता-फिरता असतो, खोकला हटत नाही. त्याला भिंतच नसल्यामुळे पेनिसिलीनच्या गटातली कितीही महाग इंजेक्शने दिली तरी त्याच्या केसालाही धक्का लागत नाही, आणि दुसऱ्या गटातल्या साध्या डॉक्सिसायक्लिनने वा अ‍ॅझिथ्रोमायसिनने तो नमतो. 'पॉवर' म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आणखी एक गोष्ट. पेनिसिलीन फुटवते ते बांधकाम चालू असलेल्या जिवाणूला. जो स्वस्थ बसला आहे त्याच्या गाठी आधीच मारलेल्या असतात. म्हणून औषध रक्तात सतत हजर राहावे लागते, बांधकाम सुरू झाले रे झाले की हात धरायला. अमॉक्सिसिलीनचे रक्तातले प्रमाण तासा-सव्वा तासात निम्म्यावर येते. दर आठ तासांनी घ्या असे मी चिठ्ठीवर लिहितो ते त्यासाठी. "दुपारची राहिली म्हणून रात्री दोन घेतल्या" हा हिशेब किराणा दुकानात चालेल, येथे नाही.

यावरूनच त्या प्रसिद्ध 'पुडी'विषयी बोलतो. काही दुकानांत ताप म्हटले की तीन-चार रंगांच्या सुट्या गोळ्यांची पुडी बांधून मिळते, त्यात कित्येकदा दोन-दोन अँटिबायोटिके असतात. एकापेक्षा दोन बरी, असा त्यामागचा समज. १९५१ मध्ये लेपर आणि डाउलिंग या अमेरिकन डॉक्टरांनी मेंदूच्या आवरणाला जिवाणूंमुळे सूज आलेल्या रोग्यांचा अनुभव प्रसिद्ध केला होता. नुसते पेनिसिलीन मिळालेल्यांपेक्षा पेनिसिलीनबरोबर टेट्रासायक्लिनच्या जातीचे औषधही मिळालेल्यांत मृत्यू अधिक झाले. दुसरे औषध जिवाणूची वाढ थांबवते. वाढ थांबली की बांधकाम थांबले, आणि बांधकाम थांबले की पेनिसिलीनला धरायला हातच सापडत नाही. काही आजारांत दोन औषधे एकत्र द्यावी लागतात हे खरे, पण ती ठरवून जुळवलेली जोडी असते, पुडी नसते.

आता एका डॅनिश माणसाची गोष्ट सांगायला हवी, कारण त्याचे आडनाव वाचकांपैकी अनेकांनी लॅबच्या रिपोर्टवर वाचले असेल. हान्स क्रिस्टियान ग्रॅम हा तरुण डॉक्टर १८८४ मध्ये बर्लिनमध्ये न्यूमोनियाने मरण पावलेल्या रोग्यांच्या फुप्फुसांचे काप तपासत होता. कापात जिवाणू उठून दिसावेत म्हणून त्याने जांभळा रंग घातला, त्यावर आयोडीन घातले आणि मग अल्कोहोलने धुतले. काही जिवाणू जांभळेच राहिले, काहींचा रंग धुऊन गेला. पुढे इतरांनी धुतलेल्यांना गुलाबी रंग द्यायची रीत काढली. जांभळे ते ग्रॅम पॉझिटिव्ह, गुलाबी ते ग्रॅम निगेटिव्ह. ग्रॅम हे येथे वजनाचे माप नव्हे. आणि दुसरे म्हणजे, 'निगेटिव्ह' वाचून सुटकेचा श्वास सोडू नका. लघवीच्या रिपोर्टवर 'ग्रॅम निगेटिव्ह बॅसिलाय' असे छापलेले पाहून "काही नाही निघाले" म्हणत घरी गेलेले लोक मी पाहिले आहेत. त्याचा अर्थ, निघाले आहेत आणि ते गुलाबी आहेत.

हा रंग का टिकतो आणि का जातो याचे कारण भिंतीतच आहे. जांभळ्यांची भिंत जाड, २० ते ८० नॅनोमीटर. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आपल्याला हे काहीच नाही, पण जिवाणूच्या मानाने दगडी वाड्याची भिंत. अल्कोहोल पडले की ती आकसते आणि रंग आत अडकतो. गुलाबी जिवाणूंची भिंत जेमतेम काही नॅनोमीटरची, पण तिच्यावर त्यांनी आणखी एक रेनकोट चढवलेला असतो. अल्कोहोलने रेनकोट फाटतो, पातळ भिंतीतून रंग निघून जातो.

हा रेनकोट मोठा त्रासदायक आहे. त्याला बारीक छिद्रे असतात आणि त्यांतून शिरेल तेच औषध भिंतीपर्यंत पोहोचते. जुने पेनिसिलीन शिरत नाही, म्हणून त्यात फेरफार करून १९६१ मध्ये अँपिसिलीन आणले गेले. रेनकोटच्या बाहेरच्या बाजूला चरबी आणि साखर यांचे एक द्रव्य असते. जिवाणू फुटले की ते रक्तात मिसळते आणि त्यानेच थंडी वाजून ताप येतो, प्रमाण फार झाले तर रक्तदाब कोसळतो. टायफॉइड, पटकी, लघवीचा बहुतेक जंतुसंसर्ग या रेनकोटवाल्यांची कामे.

विडाल टेस्ट हा आपल्या गावांतला परवलीचा शब्द. तिचा या रेनकोटशी थेट संबंध आहे. १८९६ मध्ये फ्रान्सच्या विडाल यांनी ती काढली. रिपोर्टवर 'ओ' आणि 'एच' अशी अक्षरे असतात. त्यातला 'ओ' म्हणजे टायफॉइडच्या जिवाणूच्या रेनकोटवरच्या साखरेविरुद्ध तुमच्या रक्तात असलेली द्रव्ये, आणि 'एच' म्हणजे त्याच्या शेपटीविरुद्धची. यात जिवाणू दिसत नाही, त्याच्या कोटाची आठवण दिसते. ही आठवण पूर्वीच्या आजारानेही राहते, आणि तसलाच कोट घातलेल्या दुसऱ्या जिवाणूनेही जागी होते. दोन दिवसांच्या तापात एकदाच केलेल्या विडालवरून 'टायफॉइड निघाला' असे म्हणून सलाइन आणि इंजेक्शने सुरू करणे मला पटत नाही, आणि हे मी माझ्या व्यवसायबंधूंनाही उघडपणे सांगतो. टायफॉइडचा संशय असेल तर अँटिबायोटिक देण्याआधी रक्ताचे कल्चर करावे. महाग पडते, दोन-तीन दिवस लागतात, पण ते जिवाणूलाच पकडून दाखवते.

क्षयाच्या जिवाणूचे घर मात्र सगळ्यांहून वेगळे. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी तो जगापुढे आणला. त्याने भिंतीवरून जणू मेणकापड गुंडाळून घेतलेले असते. मायकोलिक आम्ल नावाच्या मेणचट द्रव्याचा तो थर. साधे रंग त्याला लागत नाहीत, आणि गरम करून रंग लावला तर आम्लाने धुऊनही जात नाही. थुंकीच्या तपासणीत याच खुणेवर त्याला ओळखतात. कुष्ठरोगाचा जिवाणू त्याचा भाऊबंद, तोही मेणकापडवाला. या आच्छादनातून औषध सहजी शिरत नाही, आणि जिवाणूला घाई अशी नाहीच. ई. कोलायला वीस मिनिटे लागतात तेथे हा वीसएक तास घेतो. मध्येच तो महिनोन् महिने झोपूनही राहतो. क्षयावर जी चार औषधे सुरुवातीला एकत्र देतात, त्यांतली दोन भिंतीवरच घाव घालतात. १९५२ पासून वापरात असलेले आयसोनियाझिड मेण तयार होऊ देत नाही, आणि इथॅम्ब्युटॉल मेणाखालचा साखरेचा थर बनू देत नाही. सहा महिने औषध का, असे विचारणाऱ्या प्रत्येक रोग्याला मी मेणकापडाची गोष्ट सांगतो. दीड-दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढते, आणि तेव्हाच माणूस औषध सोडतो. राहिलेले जिवाणू मग ज्या औषधांना दाद देत नाहीत अशा रूपात घरातल्या लेकरांपर्यंत जातात. औषधे सरकारी केंद्रात मोफत आहेत, पोषणासाठी दरमहा पाचशे रुपये मिळत होते ते नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले. तेथे पैशाची अडचण सांगू नये.

इतर आजारांत मात्र दिवस जास्त म्हणजे गुण जास्त असेही नाही. साध्या न्यूमोनियात पूर्वी सात-दहा दिवस देत, आता पुष्कळदा पाच पुरतात. किती दिवस हे आजार ठरवतो. तुम्ही आपल्या मनाने कमी करू नका, आणि उरलेल्या गोळ्या पुढच्या तापासाठी डब्यातही ठेवू नका.

जिवाणूही स्वस्थ बसलेले नाहीत. पेनिसिलीन रोग्यांना नीट मिळूही लागले नव्हते, त्याआधी १९४० मध्येच एब्राहम आणि चेन यांना एका जिवाणूत पेनिसिलीन तोडणारे द्रव्य आढळले होते. १९६१ मध्ये इंग्लंडमध्ये असा स्टॅफिलोकोकस सापडला, की ज्याने गाठ मारणारा कामगारच बदलला होता. नवा कामगार औषधाला हात देत नाही. २००८ मध्ये स्वीडनमधल्या, दिल्लीत उपचार घेऊन गेलेल्या एका रोग्यात असा जिवाणू निघाला, की ज्याच्यापुढे आयसीयूमधली ठेवणीतली औषधेही चालत नव्हती. त्यातल्या तोडणाऱ्या द्रव्याच्या नावात आपल्या राजधानीचे नाव गोवले गेले म्हणून येथे बराच गदारोळ झाला. नावावरून झाला, कारणांवरून त्या मानाने कमी झाला. अशा प्रसंगी जे कोलिस्टिन नावाचे जुने, मूत्रपिंडाला त्रासदायक पण शेवटचा आधार असलेले इंजेक्शन वापरतात, ते रेनकोटलाच भोके पाडते. आणि हेच कोलिस्टिन आपल्या देशात कोंबड्यांची वजने वाढावीत म्हणून खाद्यात घातले जात होते! केंद्र सरकारने २०१९ मध्ये त्यावर बंदी घातली. पोल्ट्रीवाल्या बंधूंनी पोत्यावरचे लेबल वाचत जावे.

फ्लेमिंग यांना हे आधीच दिसले होते. डिसेंबर १९४५ मधल्या आपल्या नोबेल भाषणात त्यांनी एक काल्पनिक गृहस्थ उभा केला. त्याचा घसा दुखतो, तो दुकानातून पेनिसिलीन आणतो, अपुरे घेतो, जिवाणू मरत नाहीत पण शहाणे होतात. त्यांचा संसर्ग त्याच्या बायकोला होतो, तिला न्यूमोनिया होतो आणि पेनिसिलीन लागू न पडल्याने ती दगावते. दोष कोणाचा, तर अपुरे औषध घेणाऱ्या नवऱ्याचा. गमतीचा भाग असा, की घशाच्या ज्या स्ट्रेप्टोकोकसचे त्यांनी उदाहरण घेतले, तो आजही पेनिसिलीनला बळी पडतो. शहाणे झाले ते दुसरेच. म्हणून पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा लाल होऊन टॉन्सिलवर पू दिसत असेल, ताप असेल, मानेत गाठी असतील आणि खोकला-सर्दी मात्र नसेल, तर त्या मुलाला पेनिसिलीन मिळालेच पाहिजे. तेथे हयगय झाली तर संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा निकामी होऊ शकतात. मी अँटिबायोटिकच्या विरुद्ध आहे असा समज कोणी करून घेऊ नये.

पट्टीवर डाव्या बाजूला उभी लाल रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय द्यायचे नसते. १ मार्च २०१४ पासून अनेक वरच्या अँटिबायोटिकांसाठी आणि क्षयाच्या औषधांसाठी दुकानदाराने डॉक्टरचे आणि रोग्याचे नाव वहीत लिहून ठेवायचे, असा नियमही आहे. नियम चांगला आहे. पण नुसत्या दुकानदाराला धारेवर धरून भागणार नाही. चिठ्ठी लिहिणारा मी, माझ्यापुढे रोगी कण्हत असताना त्याच्या लघवीत किंवा पुवात कोणती भिंत आहे हे मला दिसत नसेल, तर मीही अंदाजानेच लिहिणार, आणि अंदाज नेहमी 'पॉवर'च्या बाजूला झुकतो.

आणि हे दिसण्यासाठी फार काही लागत नाही. ग्रॅमची तपासणी आज एकशे चाळीस वर्षांची म्हातारी आहे. तिला लागतात चार बाटल्या, जांभळा रंग, आयोडीन, अल्कोहोल, गुलाबी रंग. काच, थेंबभर लघवी किंवा पू, दहा मिनिटे आणि एक सूक्ष्मदर्शक. जिवाणूला कोणते औषध मारेल हे ती सांगत नाही, त्यासाठी कल्चरच हवे. पण जिवाणू आहे की नाही आणि त्याची भिंत कोणती, हे ती रोगी बाकावर बसलेला असतानाच सांगते. न ढवळलेल्या लघवीच्या थेंबातही ते दिसते. ग्रामीण रुग्णालयांत सूक्ष्मदर्शक आहेत, मलेरियाच्या काचा आणि थुंकीच्या काचा वर्षानुवर्षे पाहणारे तंत्रज्ञ आहेत. क्षयासाठी आता गोव्याच्या कंपनीने काढलेल्या ट्रूनॅटसारखी यंत्रेही आली, त्यामुळे सूक्ष्मदर्शकावरचा भार थोडा हलका व्हायला हरकत नाही. जो मेणकापडवाला जिवाणू रंगवू शकतो त्याला जांभळे-गुलाबी शिकायला एक दुपार पुरते.

प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाची रुग्ण कल्याण समिती असते आणि तिच्या हाती किरकोळ खर्चासाठी निधी असतो. या सदराचे वाचक त्या समित्यांवर आहेत हे मला माहीत आहे. पुढच्या बैठकीत या चार बाटल्यांचा विषय कोणी तरी मांडावा. तंत्रज्ञांना रंग कसे करायचे हे दाखवण्यासाठी मी एखाद्या रविवारी, स्वतःच्या खर्चाने, तालुक्याच्या कोणत्याही रुग्णालयात यायला तयार आहे. सोमवार ते शनिवार मात्र जमणार नाही, पावसाळा आहे.